समोरच्या खिशातले दुकान

अमेरिकेतल्या अंतर्गत विमानप्रवासात, समोरच्या आसनाच्या पाठीवरच्या खिशात, सुरक्षासूचनांचे जाड कार्ड आणि ओकारीची कागदी पिशवी यांच्या सोबतीला, पाव शतक एक गुळगुळीत, रंगीबेरंगी कॅटलॉग वस्तीला होता. त्याचे नाव ‘स्कायमॉल’. रॉबर्ट वर्स्ली यांनी १९८९ साली ॲरिझोनातल्या फीनिक्समध्ये ही कंपनी काढली, तेव्हा मूळ कल्पना मोठी रम्य होती: प्रवाशाने आकाशातूनच वस्तू मागवावी आणि उतरल्याबरोबर विमानतळावरच ती त्याच्या हाती पडावी. आधीच सामानाने वाकलेल्या प्रवाशांना हा आणखी एक भार नको होता, म्हणून पुढे वस्तू घरपोच जाऊ लागल्या. पण तो व्यापार व्यापाऱ्यांना लखलाभ. आपण ते पुस्तक वाचू, कारण वाचण्याजोगे त्यात पुष्कळ होते.

एका पानावर पलंगाला लागून ठेवलेल्या, गालिच्याने मढवलेल्या तीन-चार बुटक्या पायऱ्या आहेत. त्या कुत्र्यासाठी. मजकूर सांगतो की वय झाले, सांधे धरले, की कालपर्यंत एका उडीत धन्याच्या पायाशी येऊन झोपणारा हा जीव पलंगाखालीच घुटमळतो. वाचताना आपण थबकतो, कारण आपल्यापुढे आधी ते घुटमळणे आले आहे, पायऱ्या मागाहून आल्या आहेत. जाणत्या वैद्याने नाडी पाहून मगच मात्रा काढून द्यावी, तशी या मजकुराची रीत: आधी व्यथा, मग वस्तू. आणि व्यथा तरी किती बारीक! अवघडलेली मान, शेजारच्याची झोप न मोडता अंथरुणात वाचण्याची आस, पन्हाळीत साचलेला पाला. महाकाव्यांच्या दारात ज्या दुःखांना कुणी उभे करणार नाही, त्यांतल्या एकेकाला इथे स्वतंत्र चौकट आहे, छायाचित्र आहे, आणि आपले दुःख कुणाला तरी ठाऊक आहे हा दिलासाही आहे.

आता मांजराकडे वळू. दिवाणखान्याच्या कोपऱ्यात मातीची भासणारी भलीमोठी कुंडी, तिच्यात प्लास्टिकचे हिरवेगार झाड, आणि कुंडीच्या पोटाला, भिंतीकडे वळवून ठेवायचे, एक गोल दार. आत मांजराचा शौचकूप! पाहुण्याला दिसावे झाड, मांजराला मिळावा एकांत आणि घरधन्याची राहावी लाज, अशी तिहेरी सोय एका कुंडीत साधणारी ही कल्पकता मला फार लोभस वाटते. घर नीटनेटके दिसावे आणि घरातल्या मुक्या जिवाचीही आबाळ होऊ नये, ही ओढ त्या कुंडीत पुरेपूर उतरली आहे.

‘स्कायमॉल’मध्ये अनेक दुकानांची पाने एकत्र नांदत. त्यांतले न्यूयॉर्कचे ‘हॅमाकर श्लेमर’ तर १८४८ पासूनचे, मुळात लोखंडी हत्यारांचे दुकान. या घराण्याला ‘सर्वोत्तम’, ‘एकमेव’, ‘जगातले सर्वांत मोठे’ अशा बिरुदांचा सोस. त्यांचे ते सर्वांत मोठे शब्दकोडे आठवा: सात फूट लांब, सात फूट रुंद, आणि सूत्रे २८,०००! रविवारच्या पुरवणीतले कोडे चहा निवेपर्यंत सोडवणाऱ्या आपल्यासारख्यांना या आकड्याने अद्भुतरसाचा स्पर्श होतो. मग मन पुढे धावते: हे कोणत्या भिंतीवर लावावे, वरच्या ओळींसाठी स्टूल कुणी धरावे, आडवे शब्द आजोबांनी घेतले तर उभे नातवाने घ्यावेत का? कॅटलॉग एवढे काही सांगत नाही. तो फक्त मापे देतो, आणि त्या मापांत एका कुटुंबाची कित्येक वर्षे मावतात.

आणि यती. बागेत झाडाआडून झपझप निघालेला, लांब हातांचा, केसाळ पुतळा. ‘बिगफूट’ आणि ‘यती’ ही दोन्ही नावे त्याने एकदम धारण केली होती. अमेरिकेच्या वायव्येकडच्या अरण्यातली दंतकथा आणि आपल्या हिमालयातली दंतकथा एकाच रेझिनच्या मूर्तीत सुखाने एकवटलेल्या. त्याचा उपयोग काहीच नाही. एवढ्या सोयीच्या वस्तूंच्या गर्दीत हा निरुपयोगी वनचर सर्वांत प्रसिद्ध झाला, हे मला वाचकांच्या अभिरुचीचे लक्षण वाटते.

अर्थात या रसास्वादाला एक सक्तीचा अवकाश लाभला होता. विमान उडताना आणि उतरताना उपकरणे बंद ठेवावी लागत. हात रिकामे, नजर रिकामी, आणि समोर खिसा. संगणकाच्या कामासाठी तिकडे गेलेल्या, शिकागो-डॅलस करत फिरणाऱ्या आपल्या कितीतरी मराठी मुलामुलींनी अमेरिकी घराचे अंतरंग, माळ्यापासून परसापर्यंत, प्रथम याच पानांत न्याहाळले असेल. २०१३ च्या अखेरीस तिथल्या विमान-नियामकाने संपूर्ण प्रवासात उपकरणे वापरण्याची वाट मोकळी केली, आणि जानेवारी २०१५ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. प्रवाशांच्या हातात आलेली उपकरणे हे त्याचे एक कारण कंपनीने स्वतःच न्यायालयापुढे मांडले.

कॅटलॉगची प्रत प्रवाशाने खुशाल घरी न्यावी, अशी मुभा असे. तेव्हा तुमच्या कुणा आप्ताच्या जुन्या बॅगेत ती निघालीच, तर रद्दीत घालू नका. त्या कुत्र्याच्या पायऱ्यांचे पान काढा आणि मजकूर मोठ्याने वाचा.