प्रागचा गोलेम : दंतकथा आणि आपले दायित्व

बाळ येशूची नोव्हेना करणाऱ्या आपल्या कुटुंबांना प्राग हे नाव परके नाही. नाशिकरोडला ज्या बाळ येशूपुढे आपण मेणबत्ती लावतो, त्याची मूळ मूर्ती १६२८ साली प्रागच्या कार्मेल मठवासीयांना दान मिळाली. जागतिक साहित्यात मात्र या शहराची कीर्ती झाली ती गूढविद्येमुळे. सम्राट रुडॉल्फ दुसरा याने १५८३ साली आपला दरबार येथे हलविला आणि किमयागार व ज्योतिषी यांची तेथे रीघ लागली. इंग्लंडहून जॉन डी आणि एडवर्ड केली आले. पुढे त्याच दरबाराच्या आश्रयाने केप्लरने ग्रहगतीचे नियम शोधले.

या काळाभोवती गुंफलेल्या आख्यायिकांपैकी सर्वांत दीर्घायुषी ठरली ती गोलेमची. यहुदी वस्तीतील विद्वान रब्बी लोव यांनी नदीकाठच्या मातीचा एक पुतळा घडविला आणि पवित्र अक्षरांच्या सामर्थ्याने त्यात जीव ओतला. तो मुका सेवक आपल्या लोकांचे रक्षण करी. काम संपल्यावर रब्बींनी त्याची पुन्हा माती केली आणि ती जुन्या सभास्थानाच्या माळ्यावर ठेवली, अशी ही कथा. ‘गोलेम’ हा शब्द बायबललाही अपरिचित नाही. एकशे एकोणचाळिसाव्या स्तोत्रात, आईच्या उदरातील अपूर्ण देहासाठी, तो मूळ हिब्रूत येतो.

रब्बी लोव ही ऐतिहासिक व्यक्ती होय. १६०९ साली ते वारले. परंतु त्यांचे नाव गोलेमशी जोडणारे छापील उल्लेख थेट एकोणिसाव्या शतकातले आहेत. आज जगभर जी कथा सांगितली जाते, तिला तर १९०९ साली युडल रोझेनबर्ग या पोलंडमधील रब्बीने घाट दिला. मेत्झ येथील ग्रंथालयातून रब्बी लोव यांच्या जावयाचे हस्तलिखित मिळाल्याचा दावा त्याने केला. तसे हस्तलिखितही नव्हते आणि तसे ग्रंथालयही नव्हते.

कलाकृती म्हणून रोझेनबर्गचे पुस्तक सामान्यच आहे. प्रसंग एकाच साच्याचे, पात्रे एकरंगी. यहुदी लोक वल्हांडणासाठी ख्रिस्ती बालकाचे रक्त वापरतात, या भयंकर खोट्या आरोपासाठी कोणीतरी रात्री मृत बालक यहुद्यांच्या घरात लपवू पाहतो आणि पहाऱ्यावरचा गोलेम त्याला पकडतो. या कथांतील खलनायक थॅडियस नावाचा एक कॅथलिक धर्मगुरू आहे. वाचताना आपले मन प्रथम दुखावते. पण दुखावलेल्या मनाने पुस्तक मिटण्यापूर्वी, १९०९ साली ते का लिहावेसे वाटले, हा प्रश्न विचारला पाहिजे. त्याच्या सहाच वर्षे आधी, १९०३ साली, किशिनेव्ह शहरात याच आरोपाची अफवा पसरून ऐन ईस्टरच्या दिवसांत यहुद्यांची कत्तल झाली होती. खुद्द बोहेमियात १८९९ साली हिल्सनर नावाच्या गरीब यहुदी तरुणावर एका मुलीच्या खुनाचा खटला चालला, तेव्हा हीच कुजबुज जनमानस पेटवीत होती. मासारिक यांनी तिच्याविरुद्ध लेखणी उचलली. रोझेनबर्गचा दस्तऐवज बनावट, पण त्यातील भय अस्सल आहे.

आता गुस्ताव मायरिंक याच्या ‘डेर गोलेम’ या १९१५ च्या जर्मन कादंबरीकडे वळू. कलागुणांत ती निःसंशय वरचढ आहे. रत्नांवर कोरीवकाम करणारा पेरनाथ, तेहतीस वर्षांनी एकदा दिसणारी आकृती, दार नसलेली खोली आणि सजीव प्राण्यांप्रमाणे एकमेकांना टेकून उभी असलेली घरे, या साऱ्यांतून मायरिंक जे वातावरण उभे करतो, त्याला तोड नाही. कादंबरी प्रसिद्ध झाली तेव्हा ती वस्ती बरीचशी पाडली गेली होती. म्हणून तिच्यात एका नाहीशा झालेल्या जगाची कळाही आहे.

परंतु माझा आक्षेप येथेच आहे. मायरिंकचा गोलेम कोणाचेही रक्षण करीत नाही. तो नायकाच्या आत्मशोधाचे प्रतीक होऊन बसतो. वस्तीतली माणसे एक तर हिलेलसारखी संत, नाही तर वॉसरट्रुमसारखी कुरूप व धनलोभी. यहुदी व्यापाऱ्याचे हे विकृत चित्र युरोपात शतकानुशतके फिरत आले होते. मायरिंक त्याची चिकित्सा करीत नाही, ते आयते उचलतो. भिणाऱ्या माणसांची कथा त्याच्या हाती भयकथा होते. भय उरते, पण कोणाचे आणि कोणापासून, हे पुसले जाते.

ते आपल्यापासून होते. १३८९ साली ईस्टरच्या सुमारास प्रागच्या यहुदी वस्तीवर ख्रिस्ती जमावाने हल्ला करून माणसे कापली, घरे जाळली. त्यातून वाचलेल्या रब्बी अविग्दोर कारा यांनी या घटनेवर विलापिका रचली. याच घटनेवर एका अज्ञात ख्रिस्ती लेखकाने लॅटिनमध्ये जे लिहिले, ते मात्र शुभवर्तमानातील दुःखसहनाच्या कथेचे विडंबन करून, हसत हसत. ज्या शब्दांपुढे आपण उत्तम शुक्रवारी गुडघे टेकतो, ते शब्द कत्तलीच्या थट्टेसाठी वापरले गेले. कोणत्याही किमयागाराच्या मंत्राहून मला हे अधिक अघोरी वाटते.

ख्रिस्तसभेच्या शिकवणुकीत याला आधार नव्हता. पोप इनोसंट चौथे यांनी १२४७ सालीच रक्ताचा आरोप धिक्कारला होता. तरी तो टिकला. १९६५ साली दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने ख्रिस्ताच्या मरणाचा दोष सर्व यहुद्यांवर लादणे चूक आहे, असे स्पष्ट केले.

हा दूरदेशीचा विषय म्हणून आपल्याला अंग काढून घेता येणार नाही. रोझेनबर्गच्या कथेत मातीचा रक्षक उभा राहतो तो १५८० साली. त्याच वर्षी गोव्यात इन्क्विझिशनच्या आज्ञेने वैद्य गार्सिया द ऑर्ता यांची हाडे थडग्यातून उकरून जाळण्यात आली. भारतातील औषधी वनस्पतींवर १५६३ साली गोव्यात ग्रंथ छापणारा, मुंबई बेट पट्ट्याने घेतलेला हा विद्वान गुप्तपणे यहुदी धर्म पाळत होता, हा त्याचा अपराध. त्याची बहीण कातारिना हिला १५६९ सालीच जिवंत जाळले होते. त्यांच्यासाठी कोणी गोलेम रचला नाही.

आपल्यापैकी कोणी बाळ येशूच्या दर्शनाला प्रागला गेले, तर चर्चमधून निघून चार्ल्स पूल पायी ओलांडावा. पुलावरील क्रूसाभोवती सोनेरी हिब्रू अक्षरे दिसतील. मिस्सात आपण ज्याने देवाचे त्रिवार पावित्र्य गातो, तेच ते यशयाच्या ग्रंथातील स्तवन. १६९६ साली एका यहुद्याला ईशनिंदेबद्दल दंड करून, त्या पैशांतून ती मुद्दाम बसविली गेली. या अपमानाचा खुलासा करणारा फलक तेथे लागला तो २००० साली. पलीकडच्या काठावर पिंकस सभास्थान आहे. नाझी छळात मारल्या गेलेल्या सुमारे ७८,००० यहुद्यांची नावे त्याच्या भिंतींवर हाताने लिहिली आहेत. गोलेमचा माळा तेथून जवळच आहे, पण तो पाहण्याची घाई नको. आधी ती नावे वाचावीत, आणि त्यांतील काहींसाठी तरी एक प्रार्थना म्हणावी.