रंगपत्रिका आणि आपल्या भिंती

रंगाच्या दुकानात मिळणारी छटांची पत्रिका हा काही वाङ्मयाचा प्रकार नव्हे. तथापि आपल्या समाजातील पुष्कळ घरांत चतुर्थीच्या आधी जे एकमेव छापील पुस्तक सर्वांनी मिळून पाहिले जाते ते हेच, आणि त्यावर विसंबून केलेली निवड पुढील कित्येक वर्षे सर्वांच्या डोळ्यांसमोर उभी राहते. तेव्हा इतर ग्रंथांप्रमाणे याही ग्रंथाची थोडी चिकित्सा केली तर ती अप्रस्तुत ठरू नये.

या पत्रिकेत हजारावर छटा असतात. त्यांना पहाट, चंदन, मोरपीस या धर्तीची नावे दिलेली असतात, आणि नाव वाचले की रंग अर्धा पसंत झालेलाच असतो. येथपर्यंत तक्रार करण्याजोगे काही नाही. खरा दोष असा की, पत्रिकेतील प्रत्येक छटा पोस्टाच्या तिकिटाएवढी, पांढऱ्या कागदाच्या चौकटीत, आपल्या शेजाऱ्यांपासून तोडून बसविलेली असते, आणि आपण ती दुकानातील नळीदिव्याखाली पाहतो. भिंत मात्र तिकिटाएवढी नसते. तिच्या शेजारी तांबडी जमीन असते, काळवंडलेले लाकडी खांब असतात, खिडकीबाहेर माड आणि फणस असतात. आषाढ-श्रावणात आपल्या खोल्यांत जो उजेड येतो तो पानांतून गाळून आलेला, किंचित हिरवट असतो. त्या उजेडात फिकट हिरवी भिंत आजारी दिसते. उलट, ज्या पांढऱ्यात पिवळ्याचा अंश आहे तो पांढरा तेथे प्रसन्न वाटतो. वैशाखातील दुपारी याच खोलीचा न्याय निराळा असतो.

माझ्याच घरची हकिगत सांगतो. आमचे घर अंत्रुज महालातले, चिऱ्याच्या भिंतींचे, मधल्या चौकाचे. तीन वर्षांपूर्वी माझ्या पुतण्याने गणपतीच्या खोलीतील मागची भिंत गर्द नारिंगी रंगवून घेतली. एक भिंत उठून दिसावी अशी आजची रीत आहे, आणि नारिंगी हा तर भक्तीचाच रंग, असे त्याचे म्हणणे. मीही मान डोलावली. चतुर्थीला माटोळी बांधली तेव्हा मात्र काहीतरी बिघडले आहे असे सर्वांनाच वाटू लागले. दरवर्षी दारातून आत पाऊल टाकताच डोळ्यांत भरणारी कवंडळे त्या भिंतीपुढे तपकिरी आणि शिळी दिसत होती. सुपारीच्या पिकल्या घडांचे तेज गेले होते. तोरिंगणाचा हिरवा तेवढा भडक होऊन पुढे आला होता. वहिनी म्हणाली, "भावजी, यंदा माटोळीला फळे कमी आणली की काय?" फळे तेवढीच होती. आमच्या भिंतीने ती खाऊन टाकली होती.

या अनुभवाचे शास्त्र जुने आहे. मिशेल शेव्रल हा फ्रेंच रसायनज्ञ 1824 साली पॅरिसमधील गोब्लँ या प्रसिद्ध गालिच्यांच्या कारखान्यात रंगाईचा प्रमुख झाला. निळ्या-जांभळ्या विणीशेजारचा काळा धागा फिका दिसतो, अशी तेथे तक्रार होती. त्याने तपास केला तेव्हा काळ्या रंगात खोट नाही, दोष शेजाराचा आहे, असे आढळले. एकमेकांलगतचे रंग एकमेकांना बदलून टाकतात, हा सिद्धान्त त्याने 1839 साली ग्रंथरूपाने मांडला. रंग डब्यात नसतो. तो दोन रंगांच्या मध्ये असतो, असे त्याच्या म्हणण्याचे तात्पर्य काढता येईल. आमच्या वडीलधाऱ्यांनी शेव्रल वाचलेला नव्हता. पण माटोळीमागची भिंत ते दरवर्षी पांढरी करीत, आणि त्या पांढऱ्यापुढे प्रत्येक फळ आपापल्या रंगाने बोलत असे.

अर्थात हे शहाणपण सर्वस्वी त्यांचे नव्हते. त्यातले बरेचसे चुन्याचे होते. चुना तीव्र क्षारधर्मी असल्यामुळे वाटेल तो रंग तो आपल्यात टिकू देत नाही. हळदीत चुना मिसळला की पिवळा जाऊन कुंकवाचा लाल होतो, हे आपल्या घरांतील प्रत्येक बाईला ठाऊक आहे. म्हणूनच भिंतीचा पिवळा हळदीचा कधी नव्हता. तो पिवडीचा, म्हणजे मातीचा होता. तांबडा गेरूचा किंवा हिरमंजीचा, तोही मातीचाच. निळा होता तो कपड्यांना घालतात त्या निळीचा. ही नीळ चुन्यात तग धरते, आणि तिची चिमूट पांढऱ्यात घातली की चुन्याचा पिवळसरपणा मारला जाऊन तो अधिक शुभ्र भासतो. चार-पाच रंगांपलीकडे निवड नव्हतीच. त्यातही प्रत्येक रंग चुन्याच्या पांढऱ्यात विरघळून सौम्य झालेला असे, त्यामुळे सोपा पिवळा, आतली खोली निळसर आणि देवघर पांढरे असले तरी ती एका कुळातील माणसे वाटत. रंगनिवडीवर पहिली कात्री चुनाच चालवीत होता. रंगपत्रिकेने ती कात्री आपल्या हाती दिली आहे, आणि ती चालवण्याचा सराव आपल्याला नाही.

थोड्या रंगांत किती साधता येते याचा दाखला शोधायला दूर जावे लागत नाही. गोव्यापासून गोकर्णापर्यंतच्या किनाऱ्यावर जुन्या देवळांच्या भिंतींवर कावीचे काम आढळते. ओल्या चुन्याच्या गिलाव्यावर तांबड्या कावीचा पातळ थर देऊन तो सुकण्यापूर्वी लोखंडी अणीने आकृती कोरायची, आणि नको तेथला तांबडा खरवडून खालचा पांढरा उघडा करायचा, अशी ती रीत. रंग दोनच. पण वेलबुट्टी असो, कमळाची वर्तुळे असोत की देवतांची चित्रे, पाहणाऱ्याला तिसऱ्या रंगाची उणीव भासत नाही. कारण तांबडा किती आणि पांढरा किती, हे प्रमाण कारागिराने प्रत्येक ठिकाणी नव्याने तोललेले असते. हल्ली घरसजावटीच्या लेखांत रंगसंगतीविषयी जे पुष्कळ लिहिले जाते, त्यात या प्रमाणाचा विचार क्वचितच येतो. कोणते तीन रंग एकत्र शोभतात हे सांगतात. त्यांपैकी एकाने किती जागा घ्यावी हे सांगत नाहीत.

येथे माझ्यावर एक आक्षेप येईल, आणि तो मला मान्य आहे. चुन्याचे गोडवे गाणाऱ्यांनी बहुधा तो कधी भिजत घातलेला नसतो. दरवर्षी चतुर्थीपूर्वी भिंती खरवडणे, चुना गाळणे, जमीन सारवणे हे कष्ट प्रामुख्याने घरच्या बायकांचे होते; टेकणाऱ्याच्या पाठीला लागणारा चुना धुऊन काढणेही त्यांचेच. त्यांना पुसता येणारी भिंत हवी वाटली तर तिला अभिरुचीचा ऱ्हास म्हणणे अन्यायाचे होईल. मडगावच्या किंवा पणजीच्या सिमेंटच्या सदनिकेत प्लॅस्टिक रंग लावण्यात काही पाप नाही. मात्र तेथेही निवड स्वतःची असावी. ल कॉर्ब्युझिए या वास्तुशिल्पज्ञाने 1925 साली सर्व भिंती पांढऱ्या कराव्यात असा जणू कायदाच सांगितला होता. आणि त्यानेच 1931 साली सालुब्रा या भिंतकागदाच्या कंपनीसाठी रंगांचा संच तयार केला. त्यात छटा अवघ्या 43, आणि एका वेळी मोजकेच रंग शेजारी-शेजारी दिसावेत अशी झडपांची योजना. हजार छटांच्या पत्रिकेपेक्षा ही पत्रिका मला अधिक प्रामाणिक वाटते. आपल्यालाही एवढे करता येईल: जी वस्तू बदलणार नाही, म्हणजे जमीन, दारे, देव्हारा, तेथून निवडीला आरंभ करावा; दोन हात लांबीच्या पुठ्ठ्यावर रंग लावून तो भिंतीशी टेकवावा; आणि सकाळी, दुपारी व दिवा लागल्यावर पाहावा. दिव्याची जातही विसरू नये. दुकानात अगदी जुळलेल्या दोन छटा घरच्या पिवळसर दिव्याखाली एकमेकींशी फटकून वागतात.

जुन्या चिऱ्याच्या भिंतीची गोष्ट मात्र केवळ शोभेची नाही. चिरा सच्छिद्र असतो. जमिनीतील ओल त्यात चढते आणि चुन्यातून वाफ होऊन निघून जाते. प्लॅस्टिकचा किंवा तेलाचा रंग ती वाट बंद करतो. मग कोंडलेली ओल क्षार घेऊन पृष्ठाशी येते, रंगाला फोड येतात आणि त्याच्याबरोबर गिलावाही सुटतो. आमच्या नारिंगी भिंतीचे दुसऱ्या पावसाळ्यात हेच झाले. पुतण्या चकित होऊन म्हणाला, "काका, पाणी धरणार नाही म्हणून तर महाग रंग घेतला होता!" बाहेरचे पाणी त्याने अडवले होते खरे, आतलेही अडवले. हाच प्रकार देवळांच्या जीर्णोद्धारात होतो तेव्हा हानी फार मोठी असते. उत्साही मंडळी वर्गणी जमवून गर्भागाराबाहेरच्या भिंतींवर चकचकीत तेलरंग चढवतात. त्याखाली कावीचे काम असेल तर ते आधी झाकले जाते, आणि पुढे फोडांबरोबर कायमचे जाते. देवळाच्या समितीने रंगाऱ्याला बोलावण्यापूर्वी भिंतीचा एक कोपरा हलक्या हाताने खरवडून पाहावा, एवढी साधी अपेक्षाही बहुतेक ठिकाणी पुरी होत नाही.

आमची भिंत या वैशाखात पूर्ण खरवडून घेतली. प्लॅस्टिकचा अंश राहिला तर चुना धरत नाही. नारिंगीखाली फिकट निळा निघाला, त्याखाली पिवळा, त्याखाली पांढऱ्याचे किती थर ते गवंड्यालाही मोजता येईनात. गणपतीची खोली आता पुन्हा पांढरी आहे, चिमूटभर नीळ घातलेली. तेथे पाठ टेकायची नाही असे वहिनीने सर्वांना बजावले आहे. सोप्याचा रंग अजून ठरलेला नाही. पुतण्याने पुठ्ठ्याचे दोन तुकडे रंगवून दाराशी उभे केले आहेत, एक पिवडीचा आणि एक त्याच्या पत्रिकेतील राखी. पाऊस सुरू होऊन उजेड हिरवा होईपर्यंत ते तेथून हलवायचे नाहीत, असे आमचे ठरले आहे.