बूदँ, यूजेन
(१२ जुलै १८२४–८ ऑगस्ट १८९८). फ्रेंच निसर्गचित्रकार. जन्म आँफ्लर येथे, एका खलाशाच्या घरी. ल हाव्रमधील त्याच्या कागद व चौकटींच्या दुकानात मीलेसारख्या चित्रकारांचा संपर्क घडून तो चित्रकलेकडे वळला व ती बव्हंशी स्वाध्यायानेच शिकला. समुद्रावरील ढग व प्रकाश क्षणोक्षणी पालटतात. ते टिपण्यास तैलरंगांपेक्षा पेस्टल अधिक सोयीचे, कारण त्यात रंग वाळण्याची वाट पाहावी लागत नाही. अशा आकाशाभ्यासांवर तो दिनांक, वेळ व वाऱ्याची दिशा नोंदवी. बोदलेअरने १८५९ मध्ये त्यांची मनःपूर्वक प्रशंसा केली. मात्र पूर्ण चित्र म्हणून नव्हे, तर टिपणे म्हणून. हा भेद आज तितकासा ग्राह्य वाटत नाही. बूदँच्या सागरतीरांच्या व बंदरांच्या तैलचित्रांत विषयांची पुनरावृत्ती जाणवते. पेस्टलमधील आकाशे मात्र प्रत्येक वेळी नवी भासतात. तरुण मॉनेला उघड्यावर चित्रे रंगविण्याची दीक्षा त्यानेच दिली. १८७४ च्या पहिल्या दृक्‌प्रत्ययवादी प्रदर्शनात तो सहभागी होता. अभ्यासचित्र व पूर्ण चित्र यांतील जी सीमारेषा त्या संप्रदायाने पुढे पुसली, ती या लहानशा कागदांवर आधीच फिकट झाली होती.