तयार मापाचे दुःख

सदरा तयार घ्यावा की शिंप्याकडे शिवायला टाकावा, हा वाद आमच्या घरी अजून मिटलेला नाही. पार्श्वसंगीतवाल्यांनी तो केव्हाच मिटवून टाकला. चित्र निघण्याआधीच 'विषाद', 'धोका', 'पहाट' अशा चिठ्ठ्या लावलेले वाद्यसंगीत तयार असते. निर्मात्याने पैसे भरायचे, हवे तिथे चिकटवायचे. लंडनच्या डी वुल्फ कंपनीचा हा धंदा तर फार जुना.

मी नाक मुरडणारच होतो, पण 1975 चा 'मॉन्टी पायथन अँड द होली ग्रेल' आडवा आला. त्यासाठी नील इनीसने खास संगीत रचले होते. त्यातले बरेचसे बाजूला ठेवून मंडळींनी डी वुल्फचे तयार तुकडे घेतले. राजाला घोडा नाही, मागून गडी नारळाच्या करवंट्या वाजवतोय, आणि वाद्यवृंद आपला वीरश्रीने गर्जतोय! त्या बिचाऱ्या संगीताला करवंट्यांचा पत्ताच नाही, म्हणून तर हसू फुटते.

दुःखाचे तसे नाही हो. 'पथेर पांचाली'त (1955) हरिहर दुर्गेसाठी आणलेली साडी पुढे करतो. दुर्गा गेलेली. सर्वजया हंबरडा फोडते. ऐकू येते मात्र तारशहनाई. रविशंकरांच्या संगीतातली ही जागा त्या एका आईच्याच मापाची आहे. तिथे 'विषाद, दोन मिनिटे' लावून बघा!

परवा एका मालिकेत सून माहेरी निघाली तेव्हा, आणि पुढच्याच भागात दूध नासले तेव्हाही, तीच सारंगी रडली. दोन्ही वेळा आमच्या सौ.नी डोळे पुसले.

मी? मी चष्मा पुसत होतो.