पांडांचे शुभागमन

बदलून येणारा साहेब आणि लग्नाची वरात यांच्या स्वागतात काय फरक असतो, हे कारकुनाला सांगावं लागत नाही. ४ डिसेंबर २०११ रोजी स्कॉटलंडमधल्या एडिंबरा विमानतळावर मात्र दोन्हींचा थाट एकत्र होता. चीनहून तिआन तिआन आणि यांग ग्वांग हे पांडा उतरले. (अनेकवचन 'पांडे' केलं तर आमच्या कॅश काउंटरवरचे पांडे रागावतात.) विमान खास, त्याचं नाव 'पांडा एक्स्प्रेस', स्वागताला बॅगपाइपवाले! नावांचे अर्थही छापून आले : ती गोडुली, तो सूर्यप्रकाश. बीबीसीनं तर गोडुलीला त्या वर्षीच्या बारा गाजलेल्या महिलांत बसवलं. बायकांनी गहजब केला. गोडुली काही बोलली नाही, कारण तोंडात बांबू होता.

आता माझ्यासारखा माणूस आधी व्यवहार बघणार. १९७२ साली चीननं अमेरिकेला दिलेली जोडी ही भेट होती. पुढे भेटी थांबल्या आणि पांडा उसने मिळू लागले. एडिंबऱ्याचा करार दहा वर्षांचा, भाडं वर्षाला सुमारे १० लाख डॉलर, आणि पिल्लू झालंच तर तेही चीनचं. म्हणजे मुद्दल त्यांचं, व्याजही त्यांचं, वर लॉकरचं भाडं आपण भरायचं! तरी याबद्दल माझं काही म्हणणं नाही. प्राणिसंग्रहालयाला तिकिटं खपवायची असतात.

माझी तक्रार त्या 'नवदांपत्या'बद्दल आहे. पांडा हा मुळात एकटा राहणारा जीव. मादीचा मनोदय वर्षातून जेमतेम दोन-तीन दिवस. पण प्रसिद्धीनं एकदा लग्न लावलं, की पाहुणे 'काय, गोड बातमी कधी?' विचारणारच. दोघांच्या आवारांमधल्या वाटेला वर्तमानपत्रांनी 'प्रेमाचा बोगदा' म्हटलं. २०१३ च्या ऑगस्टमध्ये गोडुलीला दिवस गेल्याची चिन्हं जगजाहीर झाली आणि ऑक्टोबरमध्ये गर्भ गेल्याचंही. अहो, आपल्याकडे तिसरा महिना उलटेपर्यंत शेजारणीलासुद्धा सांगत नाहीत! त्या बिचारीचं दुःख, असलंच तर, कॅमेऱ्यासमोर.

मुदत दोन वर्षं वाढली. ४ डिसेंबर २०२३ रोजी, बरोबर बारा वर्षांनी, दोघं पिल्लाविना परत गेली.

१५ ऑक्टोबर २०२४ रोजी वॉशिंग्टनला बाओ ली आणि चिंग बाओ उतरले. विमान पुन्हा खास, नाव पुन्हा 'पांडा एक्स्प्रेस'. दोघांचं वय तेव्हा तीन वर्षं होतं. बोगद्याला तेव्हा अजून थोडा अवकाश होता.