श्वास मोजला, पण आजार कोणता?

भोर-वेल्ह्यातल्या लहान मुलांच्या खोकल्यावर प्रस्ताव लिहिताय? मग डॉ. अभय बंग आणि सहकाऱ्यांचा १९९० चा ‘लॅन्सेट’मधला गडचिरोलीचा पेपर वाचाच. पण जरा भांडत वाचा.

५८ गावांत आरोग्य कार्यकर्ते आणि दायांनी न्यूमोनियाच्या मुलांना को-ट्रायमोक्साझोल दिलं. ४४ गावं तुलनेला. पाच वर्षांखालच्या मुलांत न्यूमोनियाचे मृत्यू हजारी ८.१, तुलनेच्या गावांत १७.५.

निदान कशावरून? मुख्यतः खोकला आणि जलद श्वास. माझी अडचण इथेच आहे. ब्राँकायटिस मोठ्या श्वासनळ्यांचा. मूल खोकतं, पण श्वास सहसा इतका पळत नाही, म्हणून ते चाळणीतून गळतं. ब्राँकिओलायटिस दोन वर्षांखालच्या बाळांचा, बहुतेकदा आरएसव्ही विषाणूमुळे. बारीक नळ्या सुजतात, छातीत शिट्टीसारखं वाजतं आणि श्वास पळतो. म्हणजे हे बाळ न्यूमोनियातच मोजलं जाणार. विषाणूवर प्रतिजैविकाचा उपयोग नाही. बरीच बाळं आपोआप बरी होतात आणि श्रेय मात्र औषधाच्या खात्यात!

म्हणून ‘उपचार घेतलेल्यांपैकी किती दगावले’ हा आकडा मी जपून वापरते. गावातल्या सगळ्या मुलांमागे मृत्यू मोजले की हा घोळ बराच कमी होतो. पेपरचा खरा जोर तिथे आहे.

आणि हो, वस्तीवर एक्स-रे कुठून आणणार? औषध द्यायचं की नाही हे ठरवायला ढोबळ व्याख्या चालते. तुम्हाला आजार मोजायचाय, तर फॉर्मवर महिन्यांतलं वय आणि छातीतली शिट्टी हे दोन रकाने वेगळे ठेवा.