कार्यशाळेतील कृती आणि वर्गातील प्रश्न

शालेय शिक्षकांसाठी भरविल्या जाणाऱ्या कृतिप्रधान विज्ञान-गणित कार्यशाळांची स्तुती बहुधा एकाच सुरात होते : शिक्षक स्वतःच्या हातांनी काम करतात, खर्च अल्प येतो आणि साहित्य कोठेही मिळते. ही तिन्ही विधाने खरी आहेत. तथापि त्यांपैकी एकही कार्यशाळेच्या यशाचा निकष ठरू शकत नाही, असे आमचे मत आहे.

उदाहरणादाखल अरविंद गुप्ता यांनी लोकप्रिय केलेल्या काड्यांच्या रचना घेऊ. गुल खरवडलेल्या आगकाड्या सायकलच्या व्हॉल्व्हच्या रबरी नळीच्या तुकड्यांनी जोडावयाच्या, एवढेच हे साधन. तीन काड्यांचा त्रिकोण ताठ राहतो. चार काड्यांचा चौरस बोट लागताच कलंडतो. येथे साधनव्यक्ती ‘त्रिकोण दृढ असतो’ असे सांगून पुलाच्या व छपराच्या कैच्यांचा दाखला देते आणि पुष्कळदा कार्यशाळा येथेच थांबते. अशा वेळी फळ्याची जागा नळीने घेतली, परंतु निष्कर्ष पूर्वीप्रमाणेच वरून आला, असे म्हणावे लागते.

खरे गणित यापुढे आहे. तीन बाजूंच्या लांबी ठरल्या की त्रिकोण ठरतो. चौकोनाचे तसे नाही. पाठ्यपुस्तकातील ‘बाबाबा’ कसोटी ती हीच. चौरसाला दृढ करण्यासाठी कर्ण घालू जाता तीच काडी पुरत नाही, असे आढळते. ती बळेच बसविली तर चौरस मोडून दोन समभुज त्रिकोणांचा मिळून समभुज चौकोन होतो. मग काडी किती लांब हवी? पायथागोरसचा सिद्धांत येथे धड्याचा क्रम आला म्हणून नव्हे, तर गरज पडली म्हणून येतो. पुढे बारा काड्यांचा घन लोळतो आणि तितक्याच काड्यांचा अष्टफलक उभा राहतो. का, हे ज्या शिक्षकाने स्वतः शोधले, तोच वर्गात विद्यार्थ्यालाही शोधू देईल.

अर्थात केवळ एका कार्यशाळेने हे साधत नाही. मध्य प्रदेशातील तत्कालीन होशंगाबाद जिल्ह्यातील विज्ञानशिक्षण कार्यक्रम या दृष्टीने अभ्यसनीय आहे. 1972 साली 16 शाळांत आरंभिलेला हा कार्यक्रम 1978 साली जिल्ह्यातील सर्व माध्यमिक शाळांत, म्हणजे सहावी ते आठवीच्या वर्गांत, पोहोचला. त्यात शिक्षकांनी मुलांचेच प्रयोग स्वतः करावयाचे होते. परंतु त्यास मासिक बैठकींची, शाळाभेटींची आणि मुख्यतः बदललेल्या परीक्षेची जोड होती. पुस्तक जवळ ठेवून लिहावयाची लेखी परीक्षा व सोबत प्रात्यक्षिक परीक्षा अशी ती योजना होती. ज्या परीक्षेत पाठांतरास किंमत उरत नाही, तेथेच शिक्षकाला प्रयोग करविण्याचे धैर्य होते. 2002 साली राज्य शासनाने हा कार्यक्रम बंद केला. तीस वर्षांची ही जोपासनाही शासकीय निर्णयापुढे टिकू शकली नाही, हे ध्यानी घेता दोनतीन दिवसांच्या सुट्या कार्यशाळांकडून किती अपेक्षा करावी, याचा विचार संयोजकांनी अवश्य करावा.

सारांश, कार्यशाळेचे मूल्यमापन समारोपाच्या दिवशी मांडलेल्या प्रतिकृतींवरून करू नये. शिक्षक शाळेत परतल्यावर, प्रयोग फसला असता, तो साहित्य आवरून ठेवतो की ‘असे का झाले?’ हा प्रश्न वर्गापुढे ठेवतो, हे पाहावे. आमच्या मते कार्यशाळेची खरी परीक्षा तीच होय.